नॉर्वेत फोटो काढून घेताना: ‘बिल्दे’ हा शब्द गाळू नका

प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरमध्ये आई-वडिलांना घेऊन नॉर्वेला जायचं आहे. ओस्लो, बर्गन, प्रॅइकेस्तूलेनचा कडा आणि शेवटी त्रोम्सो. तिघांचा एकत्र फोटो हवा असेल तर कुणाला तरी सांगावं लागणार, आणि लोकांचे फोटो काढायचा मोहही होणार. त्यासाठी नॉर्वेजियनमधली कोणती वाक्यं शिकावीत आणि ती म्हणायची कशी?

नॉर्वेत इंग्रजीवर तुमचं एकही काम अडणार नाही. तिकीट खिडकीपासून डोंगरावरच्या म्हाताऱ्या आजोबांपर्यंत जवळजवळ सगळे इंग्रजी बोलतात. प्रॅइकेस्तूलेनवर तर शेजारी उभा असलेला माणूस नॉर्वेजियन नसण्याचीच शक्यता जास्त. म्हणून पन्नास वाक्यांची यादी पाठ करण्यात अर्थ नाही. सहा-सात वाक्यं नीट म्हणता आली आणि त्यांना येणारी उत्तरं ओळखता आली की पुरे. लोक अडखळतात ते उत्तरापाशी. प्रश्न सफाईने विचारतात, समोरून तीन शब्द येतात, आणि ते ‘हो’ आहेत की ‘नाही’ हेच कळत नाही.

मुख्य वाक्य हे: ‘कान दू ता एत बिल्दे आव ओस?’ आमचा एक फोटो काढशील का? ‘बिल्दे’ म्हणजे फोटो, ‘ओस’ म्हणजे आम्हाला. एकटे असाल तर ‘ओस’च्या जागी ‘मॅइ’. दोघंच असाल तर ‘ओस तू’, कारण ‘तू’ म्हणजे दोन. आई-वडिलांचा वेगळा उल्लेख करायचाच असेल तर ‘आव मॅइ ओ फोरेल्द्रेने मीने’, पण ‘ओस’ म्हणून हाताने तिघं दाखवलेत तरी काम होतं.

आता शीर्षकातली गोष्ट. मराठीत आपण ‘फोटो’ हा शब्द सर्रास गाळतो. ‘आमचा काढता का?’, ‘थांबा, तुमचा काढते.’ नॉर्वेजियनमध्ये हे करायचं नाही. ‘ता आव’ या जोडीचा स्वतंत्र अर्थ ‘अंगावरून उतरवणे’ असा आहे. घरात शिरताना पाहुण्याला म्हणतात ‘ता आव दॅइ स्कूएने’, म्हणजे बूट काढा. ‘बिल्दे’ गाळून तुम्ही ‘कान यॅइ ता आव दॅइ…’ (मी तुझा काढू का…) म्हणालात, तर ऐकणारा पुढे कपड्याचं नाव येण्याची वाट बघतो. रागावणार कुणी नाही, हसतील. पण आई-वडिलांसमोर तो प्रसंग टळलेला बरा.

याच शब्दाचा दुसरा धोका म्हणजे ‘बिल्देर’ म्हणजे फोटो (अनेक) आणि ‘बीलेर’ म्हणजे मोटारगाड्या. पहिल्यात इ ऱ्हस्व आणि द स्पष्ट. दुसऱ्यात ई दीर्घ आणि द नाही. घाईत द गिळला की तुम्ही गाड्या न्यायची परवानगी मागता.

उच्चारांकडे वळू, कारण इथे मराठी माणसाला फुकटचा फायदा आहे आणि तो आपण इंग्रजीच्या सवयीने घालवतो. इंग्रजी बोलताना आपण ‘ट’ आणि ‘ड’ लावतो, तेच नॉर्वेजियनला लावून ‘कॅन डू टा एट’ म्हणतो. नॉर्वेजियनचे साधे त-द-न आपल्या दंत्य त-द-नच्या बरेच जवळ आहेत. ‘ता’ आपल्या ‘ताट’मधला, ‘दू’ आपल्या ‘दूध’मधला. तो ‘ऊ’ मात्र ओठ अगदी आवळून, पुढच्या बाजूला काढायचा.

मग ट-ड-ण कुठे? ओस्लोकडच्या बोलीत आणि उत्तरेत र च्या पुढे त, द, न, ल आले की दोन्ही मिळून थेट आपली मूर्धन्य अक्षरं होतात. लहान मुलाला म्हणतात ‘बाण’. लिहिताना त्यात र आणि न आहेत, ऐकताना धनुष्यबाणातला बाण. नकाशा म्हणजे ‘काट’. ‘क्लाट दे’ म्हणजे ‘अर्थातच’. ओस्लोतला सगळ्यात गजबजलेला रस्ता कार्ल योहान. त्यातला कार्ल तिथल्या तोंडी ‘काळ’ होतो, आपल्याच ळ-चा सख्खा भाऊ. र आणि स मिळून ‘श’ होतो, म्हणून नॉर्वेजियन भाषेचं नाव ‘नोश्क’. हे दोन शब्दांच्या सांध्यातही घडतं: ‘ॲर दे’ (आहे का) भराभर बोलताना ‘ॲडे’ ऐकू येतं, ‘हार दू’चं ‘हाडू’ होतं. हे ठाऊक नसेल तर कागदावर शिकलेलं वाक्य समोरच्याच्या तोंडून ओळखूच येत नाही. बर्गन आणि स्ताव्हांगरकडे मात्र र घशातून काढतात आणि ही जादू तिथे नाही. तुम्ही ‘बाण’ म्हणालात तरी तिथे समजतं.

लिहिलेली बरीच अक्षरं बोलताना गळतात. ‘मे’ (सह) या शब्दात शेवटी द लिहितात, म्हणत नाहीत. ‘फ्येल्ले’ (तो डोंगर) यात शेवटी त लिहितात, म्हणत नाहीत. फ्योर्डला (डोंगरांमध्ये आत शिरलेली समुद्राची अरुंद खाडी) तिथे ‘फ्यूर’ म्हणतात. उलट ‘क्नाप्प’ (बटण) यात क आणि न दोन्ही उच्चारायचे. ‘ङ’ आला की त्याच्यामागे ग लावायचा नाही: ‘इङेन’, ‘इंगेन’ नव्हे.

आणि आभार. ‘तूसेन ताक्क’, हजार धन्यवाद. मराठी कानाला हे हजार वाट्या ताक वाटतं आणि त्यामुळे लगेच पाठ होतं, पण आपल्या ताकातला आ लांब आहे. लांब आ लावून म्हटलं की नॉर्वेजियनमध्ये अर्थ होतो ‘हजार छपरं’. आ तोडायचा आणि क दाबायचा: ताक्क.

विनंती करताना आपल्याला दोन गोष्टी टोचतात. एक, सगळ्यांना ‘दू’, म्हणजे एकेरी. वयस्कर माणसालाही ‘दू’च. आदरार्थी रूप भाषेत होतं, पण रोजच्या बोलण्यातून ते जवळजवळ गेलंय. ते वापरलंत तर आदर वाटण्याऐवजी जुन्या नाटकातलं बोलताय असं वाटेल. दोन, इंग्रजी ‘प्लीज’ला सरळ जोडीचा शब्द नाही. ‘वॅ शो स्निल’ हा शब्दप्रयोग पुस्तकं देतात, पण वाक्याच्या शेवटी तो एकटा जोडला की ‘दे ना गं, दे ना’ असा लहान मुलाच्या हट्टाचा सूर लागतो. नम्रता क्रियापदात येते: ‘कुन्ने दू तात्त एत बिल्दे आव ओस?’ हे भूतकाळी रूप आहे. आपल्या ‘काढला असता का’सारखं. एवढं एकच वाक्य शिकायचं असेल तर मी हे शिकवीन. त्याने तुम्ही भाषेत थोडे तरी मुरलेले वाटता.

आधी ‘हॅइ’ किंवा ‘उन्श्युल’ (जरा माफ करा) म्हणायचं, समोरच्याने बघेपर्यंत थांबायचं, मग वाक्य. हातभर अंतर ठेवा; दंडाला हात लावून बोलवू नका. लांबलचक प्रस्तावना नको. कानात इयरफोन घालून पळणाऱ्याला किंवा मुलाचे मोजे चढवत असलेल्या आईला अडवू नका. बाकावर नुसता बसलेला माणूस शोधा.

फोन हातात देताना ‘वॅ शो गू’ म्हणा, ‘हं, घ्या’ या अर्थी. पण देण्याआधी चार गोष्टी स्वतः करा, कारण फोटो बिघडतात ते इथे. काच पुसा. कॅमेरा उघडा आणि तो सेल्फीच्या बाजूला नाही ना ते बघा. फोन आपोआप बंद होण्याची वेळ सेटिंगमध्ये वाढवून ठेवा. तीस सेकंदांची असेल तर तुम्ही तिघं जागेवर उभे राहीपर्यंत पडदा काळा होतो आणि समोरून आवाज येतो, ‘देन ॲर लोस्त’, म्हणजे फोन लॉक झालाय. आणि चौकट तुम्हीच ठरवा. फोटो काढणाऱ्याने जिथे उभं राहायला हवं तिथे आधी स्वतः उभे राहा, फोन त्या उंचीवर धरा, मग त्याच्या हातात द्या: ‘कान दू स्तो आक्कुरात हॅर?’ अगदी इथेच उभा राहशील? डोंगर मागे हवा तर ‘मे फ्येल्ले ई बाकग्रुन्नेन’, फ्योर्ड हवा तर ‘मे फ्यूरेन ई बाकग्रुन्नेन’. फोन उभा धरायला ‘पो हॉइकान्त’. बटण दाखवताना ‘बारे त्र्युक्क हॅर’, इथे फक्त दाब. त्याने हातमोजे घातले असतील तर पडद्यावरचं बोट लागत नाही. तेव्हा बाजूचं आवाजाचं बटण दाखवा, बहुतेक फोनमध्ये त्यानेही फोटो निघतो: ‘त्र्युक्क पो वोलूमक्नाप्पेन’.

आणखी एक हवा असेल तर ‘कान दू ता एत तिल?’ इथे ‘एन तिल’ म्हणू नका. ‘बिल्दे’ नपुंसकलिंगी आहे. तीन लिंगांची सवय आपल्याला असल्यामुळे हे इंग्रजीवाल्यांपेक्षा लवकर पचतं. फोटो बघून झाल्यावर, तो कसाही आला असला तरी, ‘पॅर्फेक्त, तूसेन ताक्क!’ म्हणायचं. डोकी कापली गेली असतील तर दुसऱ्या कुणाला विचारा. पहिल्याला दुरुस्त्या सांगत बसू नका.

परतफेड म्हणून तुम्ही विचारा: ‘स्काल यॅइ ता एत बिल्दे आव देरे ओस्सो?’ तुमचाही काढू का? आणि इथे तो गोंधळाचा शब्दसमूह येतो, ‘दे गोर ब्रा’. शब्दशः ‘ठीक चाललंय’. तुम्ही परवानगी मागितली असेल आणि उत्तर ‘दे गोर ब्रा’ आलं, तर त्याचा अर्थ ‘काढा की’. तुम्ही मदत देऊ केली असेल आणि उत्तर ‘दे गोर ब्रा, ताक्क’ आलं, तर अर्थ ‘नको, राहू दे’. शब्द तेच. आपलं ‘असू दे’ही असंच दोन्हीकडे चालतं, तेव्हा फार नवल वाटायला नको.

बाकीचे होकार सोपे. ‘या दा’, ‘यॅणे’ (आनंदाने), ‘क्लाट दे’, ‘सेल्फॉल्गेली’ (अर्थात). आभार मानल्यावर ‘बारे ह्युग्गेली’, म्हणजे त्यात काय एवढं. फोन हातात घेऊन तो ‘सोन?’ म्हणाला तर विचारतोय ‘असं?’, आणि ‘ब्ले दे ब्रा?’ म्हणजे ‘नीट आलाय का?’ एक होकार मात्र दचकवतो: काही जण, विशेषतः मध्य नॉर्वेतल्या त्र्यॉन्देलागमध्ये आणि उत्तरेकडे, ‘या’ हा शब्द श्वास आत ओढत म्हणतात. ठेच लागल्यासारखा तो आवाज साधा ‘हो’ असतो.

नकार ओळखणं जास्त गरजेचं. सरळ ‘नॅइ’ क्वचित येतं. येतं ते ‘हेल्स्त इक्के’. शब्दशः ‘शक्यतो नको’, आणि आपल्याकडे ‘शक्यतो नको’ म्हणजे थोडा आग्रह केला की होतं. तिथे तसं नाही. ‘हेल्स्त इक्के’ हा पूर्ण नकार आहे. ‘इ ओर्देन’ (ठीक आहे) म्हणा आणि कॅमेरा खाली करा.

आता लोकांचे फोटो. ‘ॲर दे ग्रॅइत आत यॅइ तार एत बिल्दे आव दॅइ?’, म्हणजे तुझा फोटो काढला तर चालेल? एकाहून जास्त माणसं असतील तर ‘दॅइ’च्या जागी ‘देरे’. सार्वजनिक जागी फोटो काढायला साधारणपणे बंदी नाही. कायदा आडवा येतो तो प्रसिद्ध करताना. 2018 पासून लागू असलेल्या नॉर्वेच्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 104 नुसार, ओळखू येणाऱ्या व्यक्तीचा फोटो तिच्या संमतीशिवाय जाहीरपणे दाखवता येत नाही. त्याला अपवाद आहेत: मिरवणूक किंवा जमाव, सार्वजनिक महत्त्वाचा प्रसंग, किंवा जिथे माणूस हा दृश्याचा बिनमहत्त्वाचा भाग आहे असा फोटो. बर्गनच्या ब्रुग्गेन या जुन्या धक्क्यासमोर गर्दीत कुणीतरी येऊन गेलं तर प्रश्न नाही. मासळीबाजारातल्या विक्रेत्याचा चेहरा जवळून टिपून इन्स्टाग्रामवर टाकायचा असेल तर विचारा: ‘ॲर दे ग्रॅइत आत यॅइ लेग्गेर दे ऊत?’ वर टाकलेला चालेल? काढायची आणि टाकायची परवानगी ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलीला हो म्हणणारा दुसरीला हो म्हणेलच असं नाही.

मुलांच्या बाबतीत पालकांना विचारल्याशिवाय कॅमेरा उचलूच नका. चमकत्या पट्ट्यांची जाकिटं घालून रांगेत चाललेली बालवाडीची मुलं फार गोंडस दिसतात. तरीही नाही. तिथल्या शिक्षिकेलाही पालकांच्या वतीने होकार देता येत नाही, त्यामुळे विचारून तिला अडचणीत टाकू नका.

घरांचंही तेच. बर्गनच्या जुन्या लाकडी गल्ल्या पोस्टकार्डासारख्या दिसतात, पण त्यांच्या खिडक्यांमागे लोक जेवत असतात. भिंत आणि दार टिपा, खिडकीला कॅमेरा लावून आत डोकावू नका. मालक दारात असेल तर ‘ॲर दे ग्रॅइत आत यॅइ तार एत बिल्दे आव हूसे?’

तुम्ही सप्टेंबरमध्ये जाताय म्हणून हुकेल, पण 17 मेला, 1814 च्या राज्यघटनेच्या दिवशी, सगळं गाव ‘बूनाद’ या पारंपरिक पोशाखात रस्त्यावर असतं. तेव्हा आधी ‘ग्रातुलेरेर मे दागेन!’ अशी शुभेच्छा, मग ‘वूर ॲर बूनादेन फ्रा?’ (हा बूनाद कुठल्या भागाचा?) आणि मग फोटोची विनंती. प्रत्येक भागाचा बूनाद वेगळा असतो आणि आपला कुठला ते सांगायला लोकांना आवडतं. उत्तरेत तिथल्या आदिवासी सामी लोकांचा पोशाख दिसला तर तो बूनाद नव्हे. नॉर्वेजियनमध्ये त्याला ‘कोफ्ते’ म्हणतात (हो, आपल्या मलई कोफ्त्यासारखंच), सामी भाषेत ‘गाक्ती’.

संग्रहालयात, चर्चमध्ये, दुकानात एकच वाक्य: ‘ॲर दे लोव ओ ता बिल्देर हॅर?’ इथे फोटो काढायला परवानगी आहे का? ‘लोव’चा इंग्रजी ‘लव्ह’शी संबंध नाही, तो शब्द परवानगीचा. ‘या’ ऐकून लगेच वळू नका, त्याच्यामागे ‘मेन’ येतंय का ऐका. ‘मेन’ म्हणजे ‘पण’. ‘या, मेन ऊतेन ब्लित्स’: हो, पण फ्लॅशशिवाय. ‘इक्के मे स्तातीव’: तिपाई नको. पाटीवर ‘फोतोग्राफेरिङ फोर्बुत’ असेल तर बंदी. पश्चिमेकडच्या काही पाट्यांवर ‘फोर्बुत’च्या जागी ‘फोर्बोदे’ असतं, अर्थ तोच. ड्रोन नेणार असाल तर विमानतळापासून 5 किलोमीटरच्या आत तो परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि इतरत्र उंचीची मर्यादा 120 मीटर.

प्रॅइकेस्तूलेन हा कडा लीसेफ्योर्डच्या पाण्यापासून 604 मीटर उंच आहे आणि त्याला कठडा नाही. तिथला ओळखीचा फोटो सपाटीवरून येत नाही; मागच्या उंच खडकावरून खाली बघत काढला की कडा आणि फ्योर्ड दोन्ही येतात. म्हणून वर चढत असलेल्या माणसाला पकडा: ‘कान दू ता एत बिल्दे आव ओस दॅर ओप्पेफ्रा?’ तिथून वरून काढशील? सपाटीवरच काढणार असाल तर धोका उभं राहणाऱ्यांना कमी आणि काढणाऱ्याला जास्त, कारण पडद्यात बघत माणूस चौकट साधायला मागे सरकतो. त्यासाठी दोन शब्द तोंडात तयार हवेत: ‘फोशिक्ती!’ (सांभाळून) आणि ‘इक्के गो बाकोवेर!’ (मागे जाऊ नको). त्या क्षणी उच्चार चुकला तरी चालेल, आवाज मोठा हवा.

त्रोम्सोला पोचलात की बोली बदलते. ओस्लोचा ‘यॅइ’ (मी) तिथे नुसता ‘ॲ’ होतो, आणि ‘देरे’चं ‘दोक्केर’. म्हणजे कुणी आपणहून पुढे येऊन ‘स्का ॲ ता एत बिल्दे आव दोक्केर?’ म्हणालं तर तो तुमचा फोटो काढायला तयार आहे. तुम्ही ओस्लोचंच बोला. बोली नक्कल करायची गरज नाही आणि कुणाची अपेक्षाही नाही.

उत्तर प्रकाश, ‘नूर्ल्यूस’, तिथे साधारण ऑगस्टच्या शेवटापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत दिसू शकतो, म्हणजे तुम्हाला संधी आहे. फोन नाइट मोडला ठेवा आणि फ्लॅश ‘ऑटो’वर न ठेवता पूर्ण बंद करा, नाहीतर तुमचे तीन पांढरे चेहरे आणि मागे काळोख एवढंच येतं, शिवाय आजूबाजूच्यांचे फोटोही जातात. नाइट मोडमध्ये कॅमेऱ्याची उघडझाप तीन ते दहा सेकंदांची असते, तेव्हा फोन धरणाऱ्याला ‘होल देन ई रू’ (स्थिर धर) आणि आई-वडिलांना मराठीत ‘श्वास सोडा, पण हलू नका’. हलकं हसू ठेवायला सांगा. मोठं हसू दहा सेकंद टिकत नाही. शेजारच्याच्या कपाळावरचा दिवा थेट तुमच्या चौकटीत येत असेल तर ‘उन्श्युल, कान दू स्लो आव ल्यूसे?’ थंडीत फोनची बॅटरी अचानक झोपते, म्हणून फोटोची वेळ येईपर्यंत तो आतल्या खिशात ठेवा. अंधारात फोटो पाठवायचा प्रसंग आला, म्हणजे तुम्ही दुसऱ्या कुटुंबाचा तुमच्या फोनवर काढलात, तर ‘स्काल यॅइ सेन्ने बिल्दे तिल दॅइ?’ विचारा आणि नंबर त्यांनाच टाइप करायला द्या. नॉर्वेजियन आकडे कानाने टिपण्याच्या फंदात पडू नका.